वाचनखुणांची वही



पोथी वाचतां वाचतां मध्येंच उठावें लागलें, तर आपले वाडवडील त्या पानांत मोरपीस ठेवीत, नाहींतर तुळशीचें वाळलेलें पान ठेवीत. दुसऱ्या दिवशीं पोथी सोडली कीं वाचन जेथें थांबलें होतें तेथून पुढें चालू होई. या खुणेचा एक गुण आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. ती ज्या पोथीची खूण असे, त्या पोथीच्याच पोटांत राही. पोथी जवळ आहे तोंवर खूण जवळ आहे. पोथीच गेली तर खुणेला मागें उरण्याचें प्रयोजन नसे.

संगणकावरील वाचनखुणेची गोष्ट निराळी आहे. जिला आपण सारे बुकमार्क म्हणतों, ती खूण आपल्या घरच्या यंत्रांत असते आणि ती जें पान दाखविते तें पान सातासमुद्रांपलीकडे कोणाच्या तरी यंत्रांत असतें. त्यामुळें येथें दोन स्वतंत्र भयें उत्पन्न होतात. पान शाबूत असून खूण हरवणें हें पहिलें, आणि खूण शाबूत असून पान नाहींसें होणें हें दुसरें. यांपैकीं मुख्यत्वें पहिल्या भयावर माणसांनीं गेल्या तीस-बत्तीस वर्षांत काय उपाय केले, त्यांतले कोणते टिकले व कोणते टिकले नाहींत, याचा छोटासा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याची अनेक वर्षांची यादी एका दुपारीं पुसली गेली आहे, त्याला तो तसा वाटणार नाहीं.

या इतिहासाचा आरंभ एका मासिकांतील लेखापाशीं होतो. १९४५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ‘अटलांटिक मंथली’ या मासिकांत व्हॅनिव्हार बुश यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील शास्त्रीय संशोधनाची व्यवस्था ज्या सरकारी कचेरीकडे होती, तिचे हे प्रमुख. या लेखांत त्यांनीं ‘मेमेक्स’ नांवाच्या एका काल्पनिक मेजाचें वर्णन केलें. त्या मेजांत माणसाचीं सारीं पुस्तकें, पत्रें व टिपणें सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें सांठविलेलीं असावींत, आणि एका पानाचा दुसऱ्या पानाशीं संबंध दिसला कीं तीं दोन्हीं पानें जोडून ठेवतां यावींत, अशी ती कल्पना. अशा जोडलेल्या पानांच्या मालिकेला ते ‘ट्रेल’ म्हणजे पायवाट म्हणत. लेखांतील वाचक धनुष्यांचा इतिहास शोधीत असतो. तुर्कांचें आंखूड धनुष्य क्रुसेडांतील चकमकींत इंग्रजांच्या लांब धनुष्याहून सरस कां ठरलें, हा त्याचा प्रश्न. कांहीं वर्षांनंतर मित्राशीं बोलतांना तोच धागा निघतो. तेव्हां तो आपली सबंध पायवाट बाहेर काढतो, तिची छायाप्रत करवितो आणि मित्राच्या मेजांत बसविण्यासाठीं ती त्याच्या हवालीं करतो. मेमेक्स कधीं बांधला गेला नाहीं. तरीपण आपल्या आजच्या विषयाचीं तिन्हीं अंगें या एका दृश्यांत आलेलीं आहेत : खूण करणें, खुणांची प्रत काढणें आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रांत पुन्हां बसविणें.

प्रत्यक्ष जाळें विणलें गेलें तें त्यानंतर सुमारें पंचेचाळीस वर्षांनीं. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं आपली योजना मांडली व १९९० च्या अखेरीस ‘वर्ल्ड वाइड वेब’चा पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन, एरिक बिना व त्यांचे सहकारी यांनीं ‘मोझेक’ नांवाचा ब्राउझर प्रसिद्ध केला. तो झपाट्यानें पसरला आणि सामान्य मनुष्य वेबवर वावरूं लागला. त्या काळीं शोधयंत्रें बाल्यावस्थेंत होतीं. गूगल कंपनीची स्थापना १९९८ ची. पानांचे पत्ते लांबलचक असत आणि एक ठिपका किंवा एक तिरकी रेघ चुकली तरी पान मिळत नसे. म्हणून मोझेकच्या कर्त्यांनीं ‘हॉटलिस्ट’ नांवाची एक यादी दिली. आवडलें तें पान यादींत घालावें आणि पुढें यादींतूनच उघडावें. ही यादी वाचकाच्याच यंत्रांत एका फाइलींत राही. यंत्र बिघडलें म्हणजे तीही जाई.

१९९४ सालीं अँड्रीसन यांनीं जिम क्लार्क यांच्या भागींत कॅलिफोर्नियांत एक कंपनी काढली. तीच पुढें नेटस्केप या नांवानें प्रसिद्धीस आली. डिसेंबर १९९४ मध्यें तिचा ‘नेव्हिगेटर’ हा ब्राउझर बाजारांत आला. त्यांतील यादीचें नांव होतें बुकमार्क. ती सांठविण्यासाठीं नेटस्केपच्या मंडळींनीं जी युक्ति योजिली, ती अगदीं साधी होती. वेबवरील पानें ज्या एचटीएमएल भाषेंत लिहितात, त्याच भाषेंत त्यांनीं यादीचेंही एक पान केलें. कोणत्याही ब्राउझरनें तें उघडावें, यादी दिसे. टिपणें लिहिण्याच्या साध्या साधनानें उघडावें, तरी अक्षरें वाचतां येत. खुणांच्या गटाचें नांव मथळ्यासारखें लिहिलेलें असे आणि त्याखालीं प्रत्येक खुणेची एक ओळ असे. त्या ओळींत पानाचा पत्ता, पानाचें शीर्षक आणि खूण केव्हां केली तो क्षण, इतकें नोंदलेलें असे. क्षण नोंदण्याची रीत मौजेची आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून त्या वेळेपर्यंत किती सेकंद लोटले, तो आंकडा तेथें लिहितात.

या फाइलीच्या माथ्यावर एक सूचना असे व आजही असते. तिचा आशय असा कीं, ही फाइल यंत्रानें आपोआप केलेली आहे, ती वाचली जाईल व पुन्हां लिहिली जाईल, तरी हातानें फेरफार करूं नये. ‘पुन्हां लिहिली जाईल’ या शब्दांत सारा धोका सांठलेला होता. वहींत खोडलेलें वाक्य खोडलेलें तरी दिसतें. येथें जुनी यादी नाहींशी होऊन तिच्या जागीं नवी येई. चुकून शंभर खुणा पुसल्या गेल्या, तर त्या शंभरांवांचूनची यादी तितक्याच इमानानें लिहिली जाई. उपायही सोपा होता. ती एक फाइल दुसरीकडे उतरवून ठेवावी, म्हणजे झालें. एका खुणेस सरासरी दीडशें अक्षरें धरलीं, तर हजार खुणांचीं दीड लाख अक्षरें होतात. त्या काळच्या फ्लॉपीवर सुमारें चौदा लाख अक्षरें मावत. म्हणजे हजार खुणांच्या यादीच्या नऊ प्रती एका फ्लॉपींत बसत्या. उपाय इतका स्वस्त असूनही तो करणारे थोडेच होते. शाळेंत मुलांना शाईची दौत झांकून ठेवा म्हणून सांगावें आणि शाई सांडल्यावरच त्यांना तें आठवावें, त्यांतलाच हा प्रकार.

१९९५ च्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टनें ‘इंटरनेट एक्स्प्लोअरर’ काढला. त्यानें या खुणांना ‘फेव्हरिट्स’ म्हटलें आणि सांठवणही निराळी केली. प्रत्येक खुणेची स्वतंत्र चिमुकली फाइल आणि त्या सर्वांचा मिळून एक फोल्डर, अशी ती रचना. नेटस्केपची यादी एका लांब कागदावर लिहिलेली, तर मायक्रोसॉफ्टची सुट्या चिठ्ठ्यांच्या पेटींत ठेवलेली, असें म्हणावें. दोन्हीं पद्धती चांगल्या. पण त्या एकमेकींस अनोळखी होत्या. दोन कंपन्यांत घनघोर स्पर्धा जुंपली होती आणि एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्या मनुष्याला आपल्या खुणा बरोबर नेणें अवघड जाई. १९९९ सालच्या एक्स्प्लोअररच्या पांचव्या आवृत्तींत ही अडचण दूर झाली. तींत यादी बाहेर देण्याची आणि आंत घेण्याची सोय आली व तिच्यासाठीं नेटस्केपचाच नमुना स्वीकारला गेला. लढाई जिंकणाऱ्यानें हरणाऱ्याची लिपी उचलावी, तसें हें झालें.

पुढील हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. नेटस्केप कंपनी १९९९ सालीं अमेरिका ऑनलाइन या कंपनीनें घेतली आणि १ मार्च २००८ पासून नेटस्केप ब्राउझरची देखभाल बंद झाली. त्याला हरविणारा इंटरनेट एक्स्प्लोअररही १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. पण नेटस्केपचा तो यादी लिहिण्याचा नमुना मात्र जिवंत आहे. आज क्रोम, फायरफॉक्स, एज किंवा सफारी यांपैकीं कोणत्याही ब्राउझरमधून खुणांची यादी बाहेर काढा, ती त्याच नमुन्यांत निघते. क्रोमनें दिलेली फाइल उघडून पाहिली, तर पहिल्याच ओळींत नेटस्केपचें नांव आढळतें. तीस वर्षांनंतरही हा नमुना टिकला, कारण तो साधा होता, उघडा होता आणि प्रतिस्पर्ध्यांसही वाचतां येत होता.

२००८ हें साल आणखी एका कारणानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १७ जून २००८ रोजीं फायरफॉक्सची तिसरी आवृत्ति आली. खुणा हजारोंनीं वाढल्या होत्या आणि त्यांत शोध घेणें साध्या यादींत जड जात होतें. म्हणून या आवृत्तीनें खुणा व भेट दिलेल्या पानांचा इतिहास हीं दोन्हीं एका माहितीकोशांत एकत्र ठेवलीं. शोध जलद झाला. पण तो कोश आपल्या डोळ्यांनीं वाचण्यासारखा राहिला नाहीं. मात्र फायरफॉक्स स्वतःच वेळोवेळीं यादीची प्रत काढून तारखेसह एका निराळ्या फोल्डरमध्यें ठेवतो. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें गूगलचा क्रोम आला. तो खुणा एका फाइलींत ठेवतो व तिच्या शेजारीं आधींच्या अवस्थेची एकच राखीव प्रत ठेवतो. ही प्रत संकटसमयीं कामास येते, परंतु तिच्यावर फार काळ विसंबतां येत नाहीं. ब्राउझर पुन्हां उघडून वापरूं लागलें कीं तिच्यावरही नवी अवस्था लिहिली जाते. म्हणून खुणा नाहींशा झालेल्या दिसतांच प्रथम ब्राउझर बंद करावा, त्या राखीव फाइलीची प्रत दुसरीकडे उचलून ठेवावी आणि मगच पुढील खटाटोप करावा.

येथें दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. कारण तो न कळल्यामुळें राहिलेल्या खुणाही पुष्कळांनीं गमावल्या आहेत. फायरफॉक्समध्यें ‘रिस्टोअर’ म्हणजे पूर्ववत् करणें, आणि ‘इंपोर्ट’ म्हणजे आंत घेणें. पूर्ववत् केलें असतां सध्यांची यादी पुसली जाऊन जुन्या प्रतीची अवस्था जशीच्या तशी येते. प्रत काढल्यानंतर केलेल्या नव्या खुणा तींत नसतात. याच्या उलट, एचटीएमएल फाइल आंत घेतली असतां जुन्या खुणा सध्यांच्या यादींत मिळविल्या जातात. नवें कांहीं जात नाहीं, मात्र एकच खूण दोनदां येण्याचा संभव असतो. दुप्पट झालेली खूण काढून टाकतां येते. पुसलेली परत आणतां येत नाहीं. म्हणून शंका असेल तेथें आंत घेण्याचा मार्ग बरा, आणि पूर्ववत् करावयाचेंच असेल तर आधीं आजच्या यादीची प्रत काढून ठेवावी.

दरम्यान एक दुसराच विचार जोर धरूं लागला होता. आपल्या यंत्रावर भरंवसा नाहीं, तर यादी दूरच्या एखाद्या कंपनीकडे कां ठेवूं नये ? २००३ सालीं जोशुआ शॅक्टर यांनीं ‘डिलिशस’ ही सेवा काढली. तींत आपल्या खुणा इतरांसही दिसत आणि प्रत्येक खुणेला विषयदर्शक शब्द जोडतां येत. २००५ च्या डिसेंबरांत याहूनें ती घेतली. २०१० च्या डिसेंबरांत ती बंद होणार अशी बातमी फुटली आणि लोकांची आपापल्या खुणा बाहेर काढण्यासाठीं एकच धांदल उडाली. बाहेर निघणारी फाइल अर्थातच नेटस्केपच्या नमुन्यांतली होती. पुढें ती सेवा हस्तांतरित होत होत २०१७ सालीं ‘पिनबोर्ड’ या प्रतिस्पर्धी सेवेच्या मालकाकडे आली व तिच्यांत नव्या खुणा घेणें थांबलें. ‘लोटस’ कंपनीचे संस्थापक मिच कॅपोर यांनीं २००६ सालीं आरंभिलेली, पुढें ‘एक्समार्क्स’ या नांवानें ओळखली गेलेली सेवा अनेक यंत्रांतील खुणा एकसारख्या ठेवीत असे; ती १ मे २०१८ रोजीं बंद झाली. ‘गूगल बुकमार्क्स’ २००५ पासून चालू होती. ती ३० सप्टेंबर २०२१ रोजीं बंद झाली. ‘पॉकेट’ ही सेवा ८ जुलै २०२५ रोजीं थांबली. हा पाढा कोणास दोष देण्यासाठीं मीं म्हटलेला नाहीं. यांतील बहुतेकांनीं मुदत दिली व खुणा बाहेर नेण्याची वाट ठेवली, हें त्यांच्या सचोटीस धरूनच झालें. परंतु मुदतीची सूचना ज्यानें वाचलीच नाहीं, त्याची यादी गेलीच.

आज बहुतेक ब्राउझर आपल्या खात्यामार्फत फोन व संगणक यांतील खुणा एकसारख्या ठेवतात. याला ‘सिंक’ म्हणतात. सोय उत्तम आहे. परंतु तिला राखीव प्रत समजणें ही चूक आहे. सिंकचें काम सर्व ठिकाणची यादी सारखी करण्याचें. फोनवर आपण एक फोल्डर चुकून पुसला, तर तो संगणकावरूनही आज्ञाधारकपणें पुसला जातो. राखीव प्रत तीच, जी आपल्या आजच्या चुकीबरोबर बदलत नाहीं.

हें ज्ञान मला पुस्तकांतून झालें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर मीं जुने मराठी ग्रंथ, गॅझेटियरें व नकाशे यांच्या छायाप्रतींच्या सुमारें नऊशें खुणा जमविल्या होत्या. यंत्र मंद चालूं लागलें म्हणून तें एका दुकानीं दुरुस्तीस दिलें. परत आलें तेव्हां तें चपळ झालें होतें आणि आंतून धुतल्या पाटीसारखें कोरें होतें. काय काय हरवलें तें आठवून लिहावें म्हणून कागद घेऊन बसलों, तर पन्नास नांवांपुढें गेलों नाहीं. तेव्हां मला उमगलें कीं, ती यादी माझ्या स्मरणाला साहाय्य करीत नव्हती. माझें स्मरणच तिच्यांत जाऊन राहिलें होतें.

सुदैवानें एका जुन्या विद्यार्थ्यानें त्याच्या चौदा महिने आधीं माझ्या यादीची एक प्रत सहज म्हणून पेन-ड्राइव्हवर काढून दिली होती. ती आंत घेतली आणि सुमारें सहाशें खुणा परत आल्या. नंतरच्या तीनशें कायमच्या गेल्या. परत आलेल्यांत एक फोल्डर माझ्या पत्नीचा होता. जात्यावरच्या ओव्या जेथें ऐकावयास मिळत, त्या पानांच्या एकवीस खुणा तिनें केल्या होत्या. प्रत काढली तेव्हां तिला जाऊन वर्ष झालें होतें. फाइल उघडून मीं तिच्या शेवटच्या खुणेपुढचा तो सेकंदांचा आंकडा पाहिला आणि बेरीज-वजाबाकी करून तिची तारीख काढली. श्रावणांतला सोमवार होता. एरवीं ज्याची मौज वाटावी, त्या मोजणीचा उपयोग मला त्या दिवशीं कळला.

पुढें पंधरा दिवस बसून मीं त्या सहाशें खुणा एकेक करून उघडल्या. दीडशेंहून अधिक पानें जागेवर नव्हतीं. येथें आरंभीं सांगितलेलें दुसरें भय समोर येतें. अमेरिकेंतील ‘प्यू रिसर्च सेंटर’नें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या वेबपानांपैकीं ३८ टक्के पानें २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत अनुपलब्ध झालीं होतीं. बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालींच, पानांचे पत्ते बदलूं नका, असें कळकळीनें लिहिलें होतें; तें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

मग पान मेलेलें असतां त्याची खूण परत आणून काय उपयोग, असें कोणी विचारील. उपयोग आहे. सॅन फ्रान्सिस्को येथें ब्रूस्टर केल यांनीं १९९६ सालीं ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही संस्था स्थापिली. ती वेबवरील पानांच्या प्रती काढून ठेवते, आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या द्वारानें त्या सर्वांस पाहतां येतात. नाहींशा झालेल्या पानाची प्रत तेथें मागावयाची, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्या पानाचा अचूक जुना पत्ता देणें; आणि तो पत्ता खुणेंतच असतो. माझ्या त्या दीडशें मृत पानांपैकीं निम्म्याहून अधिक पानें मला अशा रीतीनें पुन्हां वाचावयास मिळालीं. त्यांत पत्नीच्या एकवीसपैकीं चौदा होतीं. ज्या तीनशें खुणा गेल्या, त्यांचीं पानें कदाचित् आजही कोठें तरी असतील. पण त्यांचा पत्ता विचारावयाचा कसा, हेंच मला ठाऊक नाहीं.

एवढ्या इतिहासावरून व्यवहाराच्या तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, महिन्यांतून एकदां, समजा पहिल्या रविवारीं, ब्राउझरच्या बुकमार्क मॅनेजरमधून यादी एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढावी. यास दोन मिनिटें पुरतात. दुसरी, त्या फाइलीच्या नांवांत तारीख घालावी, तिची एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी आणि जुनी प्रत नवीनें झांकूं नये. तिसरी, वर्षांतून एकदां ती फाइल दुसऱ्या एखाद्या ब्राउझरमध्यें आंत घेऊन पहावी. परत आणून पाहिलेली नाहीं ती प्रत खरी कीं खोटी, हें वेळ आल्यावरच कळतें आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो.

येता रविवार महिन्याचा पहिला नसला, तरी चालेल.